ओलेत्यातल्या इंदूकाकू

इंदूकाकूंनी कुणाला चांगलं म्हटल्याचं आमच्या दुर्गाघाटावर कुणालाच आठवत नाही. एकदा त्यांनी एका म्हशीचं कौतुक केलं होतं, ती दूध देते आणि तोंड उघडत नाही म्हणून. ज्यांच्यासमोर केलं त्या तिघी शेजारच्या सुना होत्या, आणि तिघींनाही आपापला वाटा पोचला. माझ्या वाट्याला तर काकू रोजच्याच होत्या. मी बँकेत नोकरी करते, लग्न केलेलं नाही. "तुला स्थळं सांगून येत नाहीत ते एका परीनं बरंच," काकू म्हणायच्या, "आली असती तर परत धाडायचा त्रास पुन्हा अण्णांनाच." हे बोलताना त्या पुरण वाटत असायच्या आणि हात जरासुद्धा थांबायचा नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं क्षेत्रोपाध्यायांचं. सातारा, सांगली, नाशिककडची मंडळी काशीला आली की त्यांचं गंगापूजन, श्राद्ध अण्णा सांगतात आणि मग पानं आमच्याकडे मांडतात. त्या पानांवरचा सगळा स्वयंपाक सोवळ्यात व्हावा लागतो. म्हणजे पहाटे डोक्यावरून अंघोळ, कुणी न शिवलेलं लुगडं, आणि शेवटचं पान उठेपर्यंत कुणाला शिवायचं नाही, पाणी प्यायचं नाही. मध्येच शौचाला किंवा लघवीला जायचं नाही. गेलं तर सोवळं मोडलं. मग पुन्हा अंघोळ, पुन्हा दुसरं लुगडं, आणि तोवर चुलीवरचं वाऱ्यावर. काकूंनी हे आमच्याकडे पस्तीस वर्षं केलं. पहाटे पाचला घरून निघताना जाऊन यायच्या ते दुपारी अडीच-तीनलाच. पन्नास पानांच्या वरणाचं पातेलं त्या एकट्या उतरवायच्या. तीन बाळंतपणं झालेली, त्यातलं एकच मूल वाचलेलं, ते पुण्यात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. या सगळ्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, आणि कुणी विचारलं तर "तुझं काय अडलंय?" असं उत्तर मिळायचं.

त्यांचं एक वाक्य आमच्या गल्लीत म्हणीसारखं चालायचं. "संशय आला की सोवळं गेलं." विटाळ झाला की नाही हे सिद्ध करायची भानगडच नाही, नुसता संशय पुरे. दारात येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि सगळ्यांसमोर विचारायच्या, "कितवा दिवस?" बायका लाल व्हायच्या. काकूंना त्यात मजा वाटायची असं माझं स्पष्ट मत आहे. लोक म्हणायचे, तोंडानं फटकळ पण मनानं चांगल्या. मी त्यांना तीस वर्षं पाहिलं. मनानंही त्या तितक्याच होत्या.

साताऱ्याकडच्या एका बाईंची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला आल्या होत्या, सत्तरीच्या, बारीक, सारख्या "चालेल हो, चालेल" म्हणणाऱ्या. मुलगा, दीर, पुतणे असा मोठा लवाजमा बरोबर. घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीतून आल्या, दम लागलेला, आणि आमच्या चौकात त्यांना खोकल्याची उबळ आली. उबळ थांबली तेव्हा त्यांच्या पायाशी फरशी ओली होती. पातळाचा काठ त्यांनी पायानं दाबून धरला होता. चौकात पंधरा माणसं होती आणि पंधराही जणं एकदम वर आभाळाकडे बघायला लागली. हे इथवर निभावलं असतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या, फरशीकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ह्यांचं पान बाहेर मांडा. पायरीवर."

मुलगा काहीतरी पुटपुटला. अण्णा पंचांगात बघत राहिले. बाई म्हणाल्या, "चालेल हो." आणि स्वतःच्या नवऱ्याच्या श्राद्धाचं जेवण त्या गल्लीकडच्या पायरीवर, भिंतीकडे तोंड करून जेवल्या. मी त्यांना वाढायला गेले होते. त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावला नाही. मला तेव्हा वाटलं, तहान नसेल.

त्यानंतर तीन-एक वर्षांनी काकूंचं सोवळं वाढलं. सोवळ्याचं लुगडं नसेल तर अंघोळ करून तशाच ओल्या वस्त्रानं स्वयंपाक करायची जुनी पद्धत आहे. त्याला ओलेतं म्हणतात. वाळत घातलेल्या लुगड्याला कुणी शिवेल, मांजर शिवेल, पण अंगावर पिळलेल्याला कोण शिवणार? ते सगळ्यात कडक. काकूंनी एका पौषात सरळ ओलेतं धरलं. बनारसची जानेवारी ज्यानं पाहिली नाही त्याला हे कळणार नाही. धुकं इतकं की दिवसा दहा वाजता समोरचं दार दिसत नाही, गंगेवरून वारा येतो आणि माणसं शेकोटीवरून उठत नाहीत. आणि या बाई थंड पाण्यानं भिजलेलं नऊवारी नेसून चुलीपुढे. मध्येच मोरीवर जायच्या, दोन तांबे अंगावर ओतून घ्यायच्या आणि परत यायच्या. लुगडं वाळू द्यायच्या नाहीत.

गल्लीत नाव झालं. ब्रह्माघाटापर्यंत बायका म्हणायला लागल्या, अशी निष्ठा आता राहिली नाही. एक यजमान तर जेवून उठल्यावर स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला नमस्कार करून गेले. काकूंनी तो घेतला आणि म्हणाल्या, "उंबऱ्याला कशाला, उंबरा काय ओला आहे?" आम्ही सगळे हसलो.

ओलेत्यानं त्यांना खोकला धरला, तो उन्हाळा आला तरी गेला नाही.

पुढच्या पौषात एका मोठ्या श्राद्धाला मी रजा घेऊन घरी होते. माझं काम उंबरठ्याबाहेर. मी भाजी, गूळ, नारळ खाली ठेवायचे आणि काकू पाणी शिंपडून उचलायच्या. आत त्यांच्या मदतीला शुभदा होती, एका पुजाऱ्याची बायको, चाळिशीची, दोन मुलांची आई, बोलण्यात मधूनच हिंदी. काकूंनीच तिला सोवळ्याचं शिकवलेलं, शिव्या घालून. काकू भाताचं पातेलं उतरवायला वाकल्या, उचललं आणि त्याच वेळी खोकल्या. त्यांच्या लुगड्यातून पाणी निथळत होतं, ते नेहमीसारखं उतारानं वाहत उंबरठ्यापाशी आलं. मी अनवाणी उभी होते. ओलेत्याचं पाणी बर्फासारखं असायचं, माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. हे पाणी कोमट होतं.

मी पाय मागे घेतला. काकूंनी पातेलं ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग मोरीवर गेल्या आणि दोनाऐवजी सहा तांबे ओतले.

कबूल करते, पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती दया नव्हती. मला बरं वाटलं. पुरण वाटताना ऐकलेली सगळी वाक्यं एकदम फिटल्यासारखी वाटली. दया दुसऱ्या दिवशी आली, आणि तिच्यातसुद्धा वरचढपणा पुष्कळ होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेले. दोरीवर सात लुगडी वाळत होती, एकट्या बाईची. मी सरळ म्हटलं, "काकू, डॉक्टरकडे चला."

"कशाला? मला काय धाड भरलीय?"

"मला कळलंय."

त्यांनी दोरीवरची लुगडी सरकवून सारखी केली. मग म्हणाल्या, "गंगेची शपथ घे. अण्णांना नाही, शुभदाला नाही, कुत्र्यालासुद्धा सांगणार नाहीस. चूल गेली तर मी काय करू गं? पुण्याला जाऊन सुनेच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसू?" हे त्यांनी रागानं म्हटलं, पण हात एकमेकांत घट्ट धरले होते. त्या बाईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आमच्या घरची ती चूल. मी गंगेची शपथ घेतली.

शहरात सिगरा भागात एक डॉक्टरीणबाई होत्या, बनारसच्याच, आवाज मोठा. त्यांनी विचारलं, "अम्मा, खाँसने-छींकने में पेशाब निकल जाता है?"

"कुछ नहीं निकलता," काकू म्हणाल्या.

"बाथरूम तक पहुँचते-पहुँचते?"

"हम पहुँचते ही नहीं. हम सोवळे में होते हैं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सोवळं समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "पाँच बजे से तीन बजे तक? पैंतीस साल?" आणि पेन खाली ठेवलं. तपासायला आत घेतलं तेव्हा त्यांनी काकूंना खोकायला सांगितलं. काकू खोकेनात. वर्षभर ज्या बाईचा खोकला गल्लीभर ऐकू येत होता ती तिथे दहा मिनिटं तोंड मिटून पडून राहिली. शेवटी स्पिरिटच्या वासानं शिंक आली आणि निदान झालं.

लघवीची, साखरेची तपासणी करून घेतली, दोन्ही ठीक निघाल्या. मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय तिच्यावर टेकलेलं. बाळंतपणांनी, वजनं उचलून, पाळी गेल्यावर ती झोळी सैल पडते. मग खोकलं, उचललं की वरून दाब येतो आणि खालचं तोंड मिटत नाही. हा एक प्रकार. दुसऱ्यात मूत्राशय भरायच्या आतच आवळतं, आणि घाई इतकी होते की दारापर्यंत पोचता येत नाही. काकूंना दोन्ही होतं, पहिलं जास्त. "हे म्हातारपण नाही, पाप नाही, आणि यावर उपाय आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. "लाखों औरतों को होता है, सब कपड़ा बदलती हैं और चुप रहती हैं."

काकूंनी पाणी तोडलं होतं. कामाच्या आदल्या दुपारपासून थेंब नाही. त्यांचा हिशेब साधा होता, आत जाणार नाही तर बाहेर येणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथेच चूक झाली. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला झोंबते, ते आणखी आवळतं. बद्धकोष्ठ होतं, कुंथावं लागतं, झोळी आणखी सैल. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, चहा कमी, दर दोन-अडीच तासांनी लघवीला जायचं, पातेली उचलायची नाहीत, खोकल्याचं औषध घ्यायचं. ओलेतं बंद. आणि व्यायाम. वायू आणि लघवी दोन्ही अडवल्यासारखा खालचा भाग आत ओढून धरायचा, श्वास न कोंडता पाच मोजायचे, तितकाच वेळ सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने. त्यानं नाही भागलं तर आत बसवायची रिंग आहे, मलम आहे, ऑपरेशनही आहे.

"और पूजा-पाठ में भी जाना पड़े तो जाइए," त्या शेवटी म्हणाल्या. "भगवान को मालूम है आपके पेट में क्या है."

बाहेर बाकावर बसल्यावर काकूंनी एकदम विचारलं, "त्या साताऱ्याच्या बाईचं नाव काय गं?"

मला माहीत नव्हतं. "अण्णांच्या वहीत असेल, बघ," त्या म्हणाल्या. आमच्याकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आहेत. घरी येऊन पाहिलं. नवऱ्याचं नाव होतं, दिराचं, मुलांचं, पणजोबांचंसुद्धा. बाईंच्या जागी 'मातोश्री' इतकंच लिहिलं होतं, आणि ते माझ्याच अक्षरात. मी काकूंना तसं सांगितलं. "बरं," म्हणाल्या आणि विषय तिथेच संपवला.

व्यायाम मात्र त्यांनी ज्या जिद्दीनं केला तशी जिद्द मी बँकेच्या परीक्षेला केली असती तर आज मॅनेजर असते. पाच मोजायचे म्हणजे एक-दोन-तीन नाही. संध्येतल्या चोवीस नावांवर मोजायच्या. केशवापासून विष्णूपर्यंत धरायचं की झाले पाच. पहिल्या आठवड्यात गोविंदाशीच सुटायचं. "गोविंदानं दगा दिला," असं मला फोनवर कळवायच्या, आणि आजूबाजूला कुणी असलं तर त्याला वाटायचं सकाळची पूजा चाललीय. दीड महिन्यात हृषीकेशापर्यंत पोचल्या, म्हणजे पुरे दहा. खोकला गेला. खोकायच्या-शिंकायच्या आधी आवळून घ्यायची युक्ती जमली. दोरीवर सातांची दोन लुगडी झाली. स्वभावात मात्र तसूभर फरक नाही. डॉक्टरीणबाईंना फेरतपासणीच्या वेळी म्हणाल्या, "आपने इलाज अच्छा किया, मगर अक्षर बहुत गंदा है." माझ्या माहितीत त्यांनी माणसाला दिलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

आता माझा भाग. अडचण एकच उरली होती. दर अडीच तासांनी जायचं तर सोवळं मोडणार. काकू कामाच्या दिवशी पुन्हा धरून ठेवायला लागल्या होत्या, आणि धरल्यावर शेवटी थोडं सुटायचंच. मला वाटलं, यात काय मोठंसं, मधे एकदा जाऊन यावं, अंघोळ करावी, दुसरं सोवळं नेसावं, तोवर शुभदा चूल सांभाळेल. अण्णांनी हो म्हटलं की झालं. मी अण्णांना सांगायला गेले. त्यांनी विचारलं, "पस्तीस वर्षं नाही लागलं, आता का?" आणि मी सांगितलं. चित्र काढून सांगितलं, डॉक्टरीणबाईंसारखं. मला माझा अभिमानही वाटत होता.

अण्णा सुपारी कातरत होते. पुरती कातरून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे ते ओलेतं..." आणि थांबले. मग म्हणाले, "माझं काही नाही गं. पण यजमानांच्या पितरांचा प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला न सांगता प्रायश्चित्त घेतलं, पंचगव्य प्राशन केलं. पंचगव्यात गाईचं मूत्र असतं, ते ओठाला लावून अण्णा शुद्ध झाले. मी हे त्यांना बोलून दाखवलं. "तुला कळत नाही त्यात बोलू नकोस," म्हणाले, आणि पुढच्या श्राद्धाला चुलीवर शुभदा होती.

काकूंना निरोप गेला, आता वय झालं, विश्रांती घ्या. त्या तशाच आल्या, पायात चप्पल, कोरडं कडक इस्त्रीचं लुगडं. माझ्याकडे एकदा बघितलं. गंगेचं नाव काढलं नाही. अण्णांना म्हणाल्या, "मी बरी झालेय. डॉक्टरचा कागद आहे." अण्णा पंचांगात बघत राहिले, त्यांना ते फार चांगलं जमतं. मग काकू शुभदाकडे वळल्या. "तू तरी सांग. तुला हात धरून शिकवलंय मी."

शुभदा वाईट बाई नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ती उंबरठ्याच्या आत उभी होती आणि तिथून हलली नाही. "काकू, मैं क्या बोलूं," ती म्हणाली, "तुम्हीच तर सिखवलंत. संशय आला की सोवळं गेलं."

काकू हसल्या. खरंच हसल्या, शिष्येचं उत्तर बरोबर आल्यासारख्या. आणि निघून गेल्या.

पितृपंधरवड्यात माझ्या आजीचं श्राद्ध होतं, घरचंच. मी काकूंना जेवायला बोलावलं, अण्णांना न विचारता. वाटलं होतं येणार नाहीत. आल्या. चौकात पाट मांडले होते, माणसं बसत होती. काकूंनी सगळीकडे एकदा नजर फिरवली, कुणीतरी काहीतरी बोलेल इतका वेळ थांबल्या. कुणीच बोललं नाही. मीही नाही. मी हातात पळी घेऊन उभी होते. मग त्यांनी स्वतःच एक पत्रावळ उचलली आणि गल्लीकडच्या पायरीवर जाऊन बसल्या.

पण भिंतीकडे तोंड केलं नाही. आमच्याकडे तोंड करून बसल्या आणि सावकाश, सगळं जेवल्या. आमटी दोनदा मागितली. "मीठ कमी आहे," मोठ्यानं म्हणाल्या, "आणि खीर लागलीय खाली." दोन्ही खरं होतं. पाणीसुद्धा मागून घेतलं, दोन भांडी, माझ्याकडे बघत प्यायल्या.

उठल्या तेव्हा मी पान उचलायला गेले. पान नंतर उचललं. आधी मी पायरीकडे पाहिलं. पायरी कोरडी होती. मान वर केली तर काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "हात लावून बघ हवं तर."

मी हात लावला नाही. त्या गल्लीतून निघाल्या, ताठ, मागे न बघता, आणि दुर्गाघाटाच्या वळणाशी दिसेनाशा झाल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. दिवाळीआधी मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला.

त्या वळल्या तेवढ्यात आतून शुभदाची हाक आली, "ताई, पायरी धुऊन घ्या ना जरा."

मी तांब्या भरून घेतला आणि पायरीवर ओतला.